लॉनवरचं लग्न, वळीव आणि रडार: किती आधी कळतं?

पुण्याबाहेर नगर रस्त्याच्या बाजूला, केसनंदजवळ तुमचं लॉन आहे आणि एप्रिल-मेच्या लग्नतिथींवर वर्षाचं गणित चालतं. गेल्या मे महिन्यात संध्याकाळच्या रिसेप्शनला मोबाइलवर ‘पाऊस ४० टक्के’ दिसत होतं, म्हणून तुम्ही निर्धास्त होतात. साडेसहाला असा वारा सुटला की प्रवेशाची कमान आडवी झाली आणि स्टेजमागची फ्लेक्सची भिंत सोफ्यांवर आली. कुणाला लागलं नाही, हे नशीब. आता तुम्ही विचारताय की रडार बघितलं असतं तर हे आधी कळलं असतं का, त्यासाठी कोणतं ॲप घ्यावं आणि पैसे मोजून कुणाची सेवा घ्यावी का.

कळलं असतं, बहुधा अर्धा ते पाऊण तास आधी. पण पाऊण तासात लॉनवर कुणी काय करायचं हे त्या दिवशी ठरलेलं नसणार, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर रडार बघूनही कमान पडलीच असती, फक्त ती पडणार हे तुम्हाला आधी कळलं असतं. बांधकामाच्या साइट, लॉन आणि मैदानावरचे कार्यक्रम करणाऱ्यांना मी हवामानाचा सल्ला देतो. ‘पाऊस येईल का?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. ‘माझं सामान सुरक्षित करायला किती मिनिटं लागतात?’ हे फार थोड्यांनी मोजलेलं असतं. म्हणून उत्तर दोन भागांत देतो: रडारवर काय दिसतं, आणि दिसल्यावर काय करायचं.

आधी त्या ४० टक्क्यांबद्दल. तो आकडा संगणकाच्या मॉडेलमधून येतो आणि एवढंच सांगतो की त्या भागात त्या वेळेला पाऊस होण्याची शक्यता इतकी आहे. वारा किती सुटेल, गारा पडतील का, ढग तुमच्या लॉनवरून जाईल की लोणीकंदवरून, यातलं काहीच त्यात नसतं. वळवाचा एक ढग पाच-दहा किलोमीटरचा असतो. कोथरूडला धो धो आणि विमाननगरला रस्ते कोरडे, हे पुणेकराला सांगायला नको. इतकी बारीक गोष्ट आदल्या दिवशी कुणालाच नेमकी सांगता येत नाही. हवामान विभाग जिल्ह्याला पिवळा किंवा नारिंगी इशारा देतो, तो ‘आज दिवस तसा आहे’ एवढंच सांगण्यासाठी. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. त्या दिवशी नेमका कोणता ढग कुठे निघालाय, हे दुपारनंतर रडारच दाखवतं.

रडारचं काम तसं सरळ आहे. ते रेडिओ लहरींचा झोत आकाशात फिरवतं. थेंबांवर आणि गारांवर आपटून जे परत येतं त्याच्या जोरावरून तिथे किती ऐवज आहे ते कळतं, आणि परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर. डॉप्लर रडारला त्याशिवाय ते थेंब आपल्याकडे येतायत की दूर जातायत हेही मोजता येतं. झोत एका कोनात पूर्ण फिरला की कोन थोडा वाढवून पुन्हा फिरतो. असं करत करत साधारण दहा मिनिटांत आकाशाचा एक पूर्ण फेरा होतो.

आता पुण्याची अडचण. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. ते पुढे दिल्लीला गेलं, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आपण अजून सिमला ऑफिसच म्हणतो. पाषाणला आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. एवढं सगळं असूनही शहरावर येणाऱ्या वळवासाठी आपण वर्षानुवर्षं मुंबईच्या रडारकडे बघत आलोय. आयआयटीएमने संशोधनासाठी मांढरदेवीच्या डोंगरावर आणि सोलापूरला रडार चालवली, पण रोजच्या वापराला हाताशी असतं ते मुंबईतलं कुलाब्याचं, आणि २०२२ पासून मुंबईतलंच वेरावलीचंही. कुलाब्यापासून केसनंद सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर.

या १३० किलोमीटरने काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. रडारचा झोत बॅटरीच्या उजेडासारखा असतो: लांब जाईल तसा पसरतो आणि थोडा तिरका असल्याने वर वर जातो. जमीन गोल असल्याने ती खाली वळते, तो फरक वेगळा. अर्ध्या अंशाच्या कोनात निघालेला झोत तुमच्या लॉनवर पोचतो तेव्हा समुद्रसपाटीपासून दोन किलोमीटरहून थोडा वर असतो आणि त्याची जाडीही तितकीच झालेली असते. वाटेत सह्याद्रीची रांग त्याचा खालचा भाग अडवते, ते आणखी वेगळं. म्हणजे तुमच्या डोक्यावर नेमकं काय चाललंय त्याचा तळ मुंबईच्या रडारला दिसत नाही.

मग ते आपल्या काय कामाचं? वळवासाठी चांगलंच कामाचं आहे. वळवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. तळ दिसला नाही तरी धड दिसतं. जुलैमधली पुण्याची रिपरिप मात्र बुटक्या ढगांची असते, ती बऱ्याचदा झोताखालून निसटते. म्हणून पावसाळ्यात ‘रडारवर काही नाही, पण माझ्या गॅलरीत पडतोय’ अशी तक्रार येते. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात.

तुमचं नुकसान पावसाने केलं नाही, वाऱ्याने केलं. ढगातून पाऊस आणि गारा खाली येताना सोबत थंड हवा ओढून आणतात. ती जमिनीवर आदळून चारी बाजूंना पसरते. तिची पुढची कड पावसाच्या दहा-पंधरा किलोमीटर पुढेही पोचू शकते. उकाडा असतो, पानही हलत नाही, एकदम गार झुळूक येते, मातीचा वास येतो आणि दोन मिनिटांत धुरळा. आपल्याकडे सगळ्यांना हा अनुभव आहे, पण तयारी आपण पावसाची करतो आणि तो वारा पावसाच्या आधी येऊन काम उरकून जातो. रडार जवळ असेल तर ही कड बारीक रेघेसारखी दिसते. १३० किलोमीटरवरून ती दिसणार नाही, कारण ती जमिनीलगत असते आणि झोत तिच्या बराच वरून जातो. डॉप्लरच्या वेगाच्या चित्राचीही तीच गत, शिवाय त्यात फक्त रडारच्या दिशेने येणारा-जाणारा वेग कळतो, आडवा नाही. त्यामुळे तुमच्या जागी मी वारा शोधत बसत नाही. मी ढग मोजतो आणि वारा त्याच्या दहा किलोमीटर पुढे चाललाय असं गृहीत धरतो.

वारा म्हणजे किती, याचाही अंदाज हवा. हवामान विभागाच्या तीन तासांच्या तात्काळ इशाऱ्यात ‘ताशी ३० ते ४०’, ‘५० ते ६०’ असे आकडे असतात. वाचताना ६० म्हणजे ३० च्या दुप्पट वाटतं. पडद्यावरचा दाब मात्र चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३० ला सपाट भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ४ किलोचा रेटा येतो, ६० ला १७ किलोचा. तुमची स्टेजमागची भिंत २० फूट रुंद आणि १० फूट उंच धरली तर साडेअठरा चौरस मीटर झाली. म्हणजे ३०० किलोच्या वर ढकल, तीही झटक्याने. डेकोरेशनवाला पायाशी ज्या दोन-चार वाळूच्या गोण्या टाकून जातो, त्यांचा हिशेब यात बसतो का ते बघा.

आता चित्र कसं बघायचं. हवामान विभागाच्या ‘मौसम’ संकेतस्थळावर रडार विभाग आहे, तिथे मुंबई निवडा. ‘मॅक्स झेड’ नावाचं चित्र उघडा, प्रत्येक जागेच्या वर सगळ्यात जोरदार जे दिसलं ते त्यात असतं. पहिली गोष्ट म्हणजे त्यावरची वेळ. ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असू शकते. तशी असेल तर साडेपाच तास मिळवा. १०:३० लिहिलं असेल तर ते दुपारचे चार. सकाळचं चित्र समजून ते बंद करणारे लोक मी पाहिलेत. शिवाय चित्र तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जुनं झालेलं असतं, तेवढं ढग पुढे सरकलाय असं धरा.

रंगांची पट्टी डीबीझेडमध्ये असते, म्हणजे परत आलेल्या लहरींच्या जोराच्या मापात. २० च्या आसपास भुरभुर, ४० म्हणजे जोरदार, ५० च्या पुढे गेलं की मुसळधार किंवा गारा. नुसत्या रंगावर मात्र थांबू नका. मॅक्स झेडच्या चित्राला वर आणि उजवीकडे दोन पट्ट्या असतात. बहुतेक लोक त्यांना सजावट समजतात, आणि मी आधी त्याच बघतो. त्यांत ढग बाजूने दिसतो, म्हणजे किती उंच आहे ते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे साडेचार-पाच किलोमीटरवर तापमान शून्याला येतं. ५० चा रंग त्याच्या बराच वर, आठ-नऊ किलोमीटरपर्यंत चढला असेल तर त्या ढगात गारा आहेत असं समजून चालावं. आणि एका चित्रात उंच असलेला लाल गाभा पुढच्या चित्रात धपकन खाली आलेला दिसला तर त्याच्याखाली त्या क्षणी जोराचा वारा आदळतोय. तो आपल्यापासून वीस किलोमीटरवर असेल तर बोलत बसायची वेळ नाही.

एक भान ठेवा: घाटाच्या रांगेवर काही ठिपके कायम दिसतात. मागची चार-पाच चित्रं एकामागून एक बघा. जो ठिपका जागा सोडत नाही तो डोंगर.

ॲपच्या बाबतीत मी नाव सुचवणार नाही, एक तपासणी सांगतो. बऱ्याच ॲपमध्ये ‘रडार’ लिहिलेलं असतं, पण आत उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला अंदाज किंवा चक्क मॉडेलचा भाकिताचा नकाशा असतो. दोन्हींचा उपयोग असतो, पण ते रडार नाही. वादळ चालू असताना ॲपचं चित्र आणि मौसमवरचं चित्र शेजारी ठेवून बघा. ढगांची जागा आणि वेळ जुळली तर ॲप ठेवा. मऊ कडांचे मोठे मोठे डाग दिसत असतील आणि पुढचे सहा तासही तितक्याच आत्मविश्वासाने दाखवत असेल तर ते मॉडेल आहे.

आता तुमच्याच जागेवर गणित करून दाखवतो. समजा दुपारी ३:५० च्या चित्रात शिरूरवर ५० च्या रंगाचा ढग आहे. शिरूर तुमच्यापासून सरळ रेषेत ४८ किलोमीटर. ४:३० च्या चित्रात तोच ढग रांजणगावला आहे, म्हणजे ३१ किलोमीटरवर. चाळीस मिनिटांत १७ किलोमीटर, म्हणजे वेग ताशी पंचवीस आणि रोख नगर रस्त्याने थेट तुमच्याकडे. उरलेले ३१ किलोमीटर कापायला सव्वा तास, म्हणजे पाऊस पावणेसहाला. वारा दहा किलोमीटर पुढे धरला तर तो पन्नास मिनिटांत येणार, म्हणजे पाच-वीसला. पण ४:३० चं चित्र तुमच्या हातात ४:४० ला पडलंय. हातात राहिली चाळीस मिनिटं. ढग शिक्रापूरला, १९ किलोमीटरवर आलेला दिसेल तेव्हा वाऱ्याला वीस मिनिटं उरतील, आणि ते चित्र दहा मिनिटं जुनं असेल.

दिशा मात्र गृहीत धरू नका. काही दिवस ढग नगरच्या बाजूने येतात, काही दिवस सासवड-पुरंदरकडून. काही दिवस घाटावर उठून पूर्वेला सरकतात. त्या दिवशी वरचा वारा कुठला आहे ते पहिल्या ढगाच्या चालीवरून कळतं. आणि ढगाचं आयुष्य अर्धा ते एक तासाचं असल्याने शिरूरचा ढग रांजणगावला विरूनही जाऊ शकतो. त्याच्या वाऱ्याने उचललेली हवा मग लोणीकंदला नवा ढग उभा करते. दोन ढगांच्या वाऱ्याच्या कडा एकमेकांवर आपटल्या की तिथे, समोर काही नसताना, वीस मिनिटांत ढग तयार होतो. अशा वेळी रडार तुम्हाला वीसच मिनिटं देईल. ही मर्यादा कुठल्याही पैशाने सुटत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: सकाळचा इशारा दिवस कसा आहे ते सांगतो, दुपारचं रडार ढग कुठे आहे ते सांगतं, वारा आपण स्वतः दहा किलोमीटर पुढे धरायचा, आणि हातात चांगल्या दिवशी चाळीस मिनिटं, वाईट दिवशी वीस.

मग त्या चाळीस मिनिटांत काय? एखाद्या रिकाम्या दिवशी मांडववाल्याला आणि डेकोरेशनवाल्याला बोलवा आणि घड्याळ लावून प्रत्येक काम करून बघा. मागची फ्लेक्सची भिंत सोडवून आडवी करायला किती वेळ? एलईडी वॉल खाली उतरवायला किती? बाजूचे पडदे सोडायला किती? शंभर माणसं लॉनवरून हॉलमध्ये जायला किती, आणि त्यात आजी-आजोबा किती असतात? माझ्या पाहण्यात एलईडी वॉल सगळ्यात जास्त वेळ खाते, कारण तिचा माणूस तिथे नसतो. तो उभारून निघून जातो आणि परत यायला वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो. म्हणून पिवळ्या किंवा नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी त्याचा एक माणूस कार्यक्रम संपेपर्यंत जागेवर हवा, हे बुकिंगच्या वेळीच ठरवा. त्याचे जास्तीचे पैसे द्या.

कामांची मिनिटं हातात आली की नकाशावर लॉनभोवती गोल काढा. ताशी पंचवीस-तीसच्या ढगासाठी मी साधारण असं करतो: ६० किलोमीटरच्या आत ४५ च्या वरचा रंग आला आणि तो आपल्याकडे सरकतोय असं दोन चित्रांत दिसलं, की माणसं जागेवर बोलवायची. पाहुण्यांना काही सांगायचं नाही. ४० किलोमीटरला उंच भिंती, कमान, एलईडी वॉल खाली. बाजूचे पडदे सोडून द्यायचे, म्हणजे वारा आरपार जाईल. पडदे घट्ट बांधून पाऊस अडवायची जी आपली सवय आहे तीच मंडपाचं शीड करते. २० किलोमीटरला पाहुणे आत, लॉनवरचा वीजपुरवठा बंद, जनरेटरवाला त्याच्या जागी. ढग ताशी चाळीसने धावत असेल तर हे सगळे गोल बाहेर सरकवायचे. तुमचं लॉन उघड्या माळावर असेल तर आणखी बाहेर.

इशाऱ्याच्या दिवशी काही गोष्टी मी सकाळीच टाळायला लावतो: भरीव फ्लेक्सची उंच भिंत उभारायचीच नाही, फुलांची जाळी किंवा उघडी चौकट चालेल. वीस मिनिटांच्या ढगावर तेवढा एकच इलाज आहे.

आता नाजूक भाग. मुलीच्या वडिलांना ऐन वेळी ‘स्टेज उतरवू का?’ असं विचारू नका. फोटो चालू असतात, व्याही शेजारी उभे असतात, वर आभाळ निम्मं निळं असतं. कुठलाही बाप ‘थांबा जरा’ असंच म्हणणार. हा निर्णय करार करतानाच लॉनकडे घ्या. दोन ओळी पुरतात: वादळाचा इशारा असलेल्या दिवशी उंच सजावट उतरवण्याचा आणि पाहुण्यांना आत नेण्याचा निर्णय लॉन व्यवस्थापकाचा राहील. त्यांना त्या वेळी हे वाचून दाखवा आणि हॉलमध्ये स्टेजची पर्यायी जागाही दाखवून ठेवा. आणि पाहुण्यांना आत न्यायचं तर माइकवरून वादळाचं नाव काढू नका. आइस्क्रीमचं काउंटर आत हलवा आणि तसं जाहीर करा. केटररला आधी सांगून ठेवलं तर हे पाच मिनिटांत होतं, आणि सगळ्यात आधी मुलं आत जातात, त्यांच्यामागे आया.

दोन-तीनदा सगळं उतरवाल आणि ढग हडपसरला वळेल. त्या रात्री तुमचा डेकोरेशनवाला तोंड वाकडं करेल. पुन्हा उभारायची मजुरी किती आणि कोण देणार, हे आधीच ठरलेलं असेल तर वाद होत नाही. तसंच, निर्णय घेतला त्या वेळचं रडारचं चित्र वेळेसकट जपून ठेवा. पैशांची बोलणी दुसऱ्या दिवशी होतात आणि तोवर आभाळ स्वच्छ झालेलं असतं.

विजेसाठी आयआयटीएमचं दामिनी ॲप ठेवा. तुमच्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडतेय का ते त्यावर कळतं. रडार देखभालीसाठी बंद असेल किंवा चित्र अडकलं असेल तेव्हा विजांचे ठिपके कोणत्या बाजूने जवळ येतायत यावरून ढगाची चाल ओळखता येते. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आलात. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास लॉनवर कुणाला सोडू नका, पाऊस थांबला असला तरी. लॉनवरच्या लोखंडी ट्रसखाली, म्हणजे सजावटीच्या सांगाड्याखाली आडोशाला उभं राहणं हे तर अजिबात नको.

आडोशाचा विषय निघालाच आहे. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्याला वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळून ५ जण गेले. वाऱ्यापावसातून ते तिथे आडोशाला थांबले होते. पुढच्या वर्षी १३ मे ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ जणांचा जीव गेला. नगर रस्त्याने दुचाकीवर येणारे तुमचे पाहुणे आणि वाढपी अशाच कुठल्यातरी फलकाखाली थांबतात. लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘वाटेत वादळ आहे, शिक्रापूरला हॉटेलात थांबा, घाई नको’ असा एक निरोप टाकायला रडारचं एक चित्र पुरतं. लॉनवाल्याने हा निरोप पाठवावा असं कुठल्या करारात नसतं, तरी पाठवावा.

हेच गणित इतरांनाही लागू पडतं, मिनिटं बदलतात. टॉवर क्रेनच्या साइटवर लोंबता माल खाली ठेवायला, क्रेनचा हात वाऱ्याबरोबर फिरू शकेल असा मोकळा सोडायला आणि ऑपरेटरला उतरायला वेळ लागतो, म्हणून त्यांचे गोल तुमच्यापेक्षा मोठे. शिरूर-जुन्नरकडे काढून शेतात पडलेल्या कांद्यावर ताडपत्री टाकायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो. त्या शेतकऱ्याला ढग गावावरून जाणार की शेजारच्या गावावरून यात रस नसतो. त्याला ताडपत्री आत्ता टाकायची का एवढंच हवं असतं.

पावसाळी लग्नांसाठी एक वेगळी सूचना. सप्टेंबर-ऑक्टोबरचा धोका वाऱ्यापेक्षा पाण्याचा असतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते पुण्याला आठवतं. तिथे प्रश्न ढग किती वेगाने येतो हा नव्हता, एकाच जागी किती वेळ बरसतो हा होता. चित्रामागून चित्र येतंय आणि लाल डाग कात्रजवरून हलत नाहीये, असं दिसलं की खालच्या ओढ्याकाठचं पार्किंग रिकामं करायचं. तुमच्या लॉनला लागून ओढा असेल तर हे लिहून ठेवा.

आता पैसे देऊन सेवा घ्यावी का. मीच त्या धंद्यात आहे, तेव्हा माझं उत्तर त्या हिशेबाने घ्या. पुण्यासाठी बहुतेक सगळे सल्लागार हेच सरकारी रडार बघतात. तुम्ही पैसे देता ते दुपारी तीन ते रात्री नऊ सतत चित्रावर असलेल्या डोळ्यांसाठी. कार्यक्रमात तुम्ही स्वतः ते करू शकत नाही, कारण तेव्हा तुम्ही जेवणाच्या रांगेत असता. महिन्याला चार-पाचच लग्नं असतील तर घरातला एखादा कॉलेजचा मुलगा तयार करा. तिथीच्या दिवशी त्याचं काम एकच: दर दहा मिनिटांनी चित्र आणि वहीत अंतर. रोज कार्यक्रम असतील तर सेवा घ्या, पण आधी दोन गोष्टी विचारा. संध्याकाळी पाचला फोन कोण उचलणार? आणि तो ‘मध्यम पावसाची शक्यता’ म्हणणार की ‘ढग रांजणगावला, वारा पाच-वीसला’ असं सांगणार? ‘शक्यता’वालं उत्तर मिळालं तर पैसे वाचवा. ते ॲपवर फुकट मिळतं.

तुमच्या प्रश्नात काही माहिती नाहीये, ती दिलीत तर गोल किती किलोमीटरचे घ्यायचे ते नेमकं सांगता येईल: लॉनच्या कोणत्या बाजूला मोकळं शेत आहे आणि कोणत्या बाजूला इमारती, ट्रसची उंची किती, ताणाचे दोर जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना आहेत की गोण्यांना, आणि हॉलमध्ये एका वेळी किती माणसं मावतात. शेवटचा आकडा पाहुण्यांच्या निम्मा असेल, तर २० किलोमीटरचा गोल तुमच्यासाठी उशिराचा आहे.